अक्काची हजेरी आणि टेकडीवरचा अँटेना

एखादा माणूस फोनवर नुसता बोलला, तरी त्याच्या तोंडातले खरे दात किती आणि खोटे किती, हे कवळीवाल्यांना कळायचं. यात जादू काही नव्हती. आयुष्यभर त्यांनी कवळ्याच बनवल्या होत्या. दुकानामागची अरुंद खोली, तिच्यात सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, खिडकीत ओळीने मांडलेले जबड्यांचे साचे, आणि मध्ये स्टुलावर हे, डोळ्याला भिंग लावून कुणाची तरी दाढ घासत बसलेले. कवळी तयार झाली की ती गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवायची आणि त्याला म्हणायला लावायचं, "सशाची शेपटी शेवटी सापडली." श नीट उमटला तर कवळी जमली. शिट्टी वाजली तर पुन्हा कानस हातात. गिऱ्हाईक आरशाकडे वळलं की हे वैतागायचे. कवळी आरशासाठी नसते, तोंडासाठी असते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्या दुकानातून कुणाची सुटका नव्हती.

त्यांचे स्वतःचे पुढचे दातही त्यांनीच बनवलेले होते. ते चांगलेच शिट्टी मारत. पण ज्याने साऱ्या गावाच्या शिट्ट्या बंद केल्या त्याला हे सांगणार कोण? एकच बाई सांगायची, ती म्हणजे अक्का.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हे शेंबडं पोर अक्काच्या गळ्यात पडलं. अक्का नुकतीच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ती त्याला बरोबर नेऊन आपल्या टेबलाखाली बसवायची आणि कुरकुर केली की एक मोडका हेडफोन हातात द्यायची. वर अक्का गावाला गाव जोडत असायची आणि खाली हा वायरीतली कुजबुज ऐकत झोपी जायचा. रेडिओचं वेड तिथेच लागलं असणार. पुढे त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन मिळवलं, आणि गावात त्यांच्यासारखेच चार वेडे गोळा केले. अक्का निवृत्त झाली, मग घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं आणि तिचं घराबाहेर पडणं संपलं. तेव्हा त्यांनी तिलाही परीक्षेला बसवलं. अक्काने आधी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि मग यांच्यापेक्षा जास्त गुण मिळवले.

हातात मावणाऱ्या रेडिओचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून या मंडळींनी गावालगतच्या टेकडीवर एक रिपीटर बसवला होता. रिपीटर म्हणजे एक मोठा डबा. खालचा क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी जोरात पुन्हा म्हणतो, म्हणजे मग तो दूरवर सगळ्यांना ऐकू जातो. त्या डब्याचे कान आणि तोंड म्हणजे वरचा अँटेना. या रिपीटरवर रोज दिवे लागायच्या सुमाराला अक्का हजेरी घ्यायची. टेकडीच्या अगदी पायथ्याच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर बसून. लायसनबरोबर सरकारने दिलेली ओळखीची अक्षरं एकदा सांगून झाली की ती एकेकाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची. बेकरीवाले, सर, डॉक्टर, कवळीवाले, शेवटी गेटमन. ज्याने त्याने आपलं सांगायचं, अक्काने एक तरी खोचक प्रश्न विचारायचा आणि मग म्हणायचं, "घेतलं." भावाची पाळी आली की प्रश्न नसायचा. "शिट्टी वाजतेय रे, घासून घे," असं ती म्हणायची आणि सगळ्यांच्या खोलीत हशा पिकायचा.

यांतला गेटमन लांबच्या धरणावर, तिथले दरवाजे सांभाळत, एकटा राहायचा. बायको मुलीकडे, मुलगी दूरच्या शहरात, पहिलटकरीण. गेटमनचा आवाज नेहमी फाटका यायचा, अर्धी वाक्यं वाऱ्यावर. जुना अँटेना म्हणजे खांबावर एकाखाली एक बसवलेल्या पाइपच्या चार चौकटी होत्या. त्यांतल्या खालच्या दोन वादळात मोडल्या होत्या आणि जोडात पाणी शिरून उरलेल्या दोन खरखरत होत्या. मुलीला दिवस भरत आले तशी अक्का गेटमनला रोज तेच विचारायची आणि उत्तर नेमकं खरखरीत बुडायचं. नवीन अँटेना घ्या, नाहीतर त्या माणसाला नातवंड होऊन ते शाळेत जाईल आणि मला पत्ता लागायचा नाही, असं अक्का वैतागून म्हणाली तेव्हा मंडळी हलली.

कोणता घ्यायचा यावर बेकरीमागच्या गोदामात, पिठाच्या पोत्यांवर बसून खूप वादावादी झाली. भूगोलाचे सर म्हणत होते की आहे तसाच, चार चौकटींचा घ्यावा, थोडा कमी लांब जाईल पण सगळीकडे सारखा पडेल. कवळीवाल्यांचं मन मात्र एका उंच, पांढऱ्या, गुळगुळीत दांड्यावर जडलं होतं. त्याची पोच जुन्याच्या कितीतरी पट. त्यांनी बेकरीवाल्याकडून मैद्याचा एक गोळा मागून घेतला आणि फळीवर ठेवला. अँटेना काही नवी ताकद आणत नाही, त्यांनी समजावलं, ताकद तेवढीच राहते, गोळा तेवढाच राहतो. पण वरून दाबला की तो बाजूला पसरतो. जितका दाबाल तितका लांब. आणि त्यांनी तळहाताने तो गोळा असा दाबला की मैदा फळीच्या कडेपर्यंत गेला. बेकरीवाला खूश झाला. त्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊन त्याला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

सरांनी एकच शंका काढली. गोळा पसरतो तसा पातळही होतो, मग टेकडीच्या अगदी पायथ्याशी काय उरेल?

"पायथ्याशी आहे कोण?" कवळीवाले म्हणाले. "आमची अक्का. तिला टेकडीवरून नुसती हाक मारली तरी ऐकू जाईल."

सगळे हसले. सरही हसले. अक्काला विचारलं तर तीही म्हणाली की गेटमन स्वच्छ ऐकू येणार असेल तर तो पांढरा दांडाच लावा, यात विचारायचं काय. ठरलं.

अँटेना चढवला त्या दिवशी उत्साह नुसता ओसंडत होता. बेकरीवाला खांबावर चढला, गुरांचे डॉक्टर खालून दोर धरून राहिले आणि कवळीवाले दोघांनाही इतक्या सूचना देत होते की डॉक्टरांनी शेवटी त्यांना जोडावर गुंडाळायची चिकटपट्टी हातात धरून गप्प उभं राहायची जबाबदारी दिली. मग गाडी काढून मंडळी तपासायला निघाली. नदीच्या पुलावरून स्वच्छ. घाटाच्या पलीकडून स्वच्छ. जिथून आजवर कुणी बोलूच शकलं नव्हतं त्या खाणीवरून स्वच्छ. जितके लांब गेले तितके हे चेकाळले. जवळ तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण रेडिओवाला माणूस जवळचं कधी तपासतच नाही. त्याला सगळी मजा लांबची.

संध्याकाळी हजेरीला गेटमनचा आवाज असा आला की जणू शेजारच्या खोलीत बसलाय. "पाणी शांत, मी बरा," त्याचं रोजचं वाक्य. अक्का म्हणाली, "पाणी शांत, तुम्ही बरे. घेतलं." आणि कवळीवाल्यांची पाळी आली तेव्हा शिट्टीचा उल्लेखच नाही. नुसतं "घेतलं." दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. कवळीवाल्यांनी याचा अर्थ असा लावला की नवा अँटेना इतका निर्मळ आहे की त्यात शिट्टीसुद्धा गाळली जाते. ते मनोमन फुलून गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानाला खटकत होती. अक्का जरा मोठ्याने बोलायला लागली होती आणि शब्दांना खर आली होती. त्यांनी धंद्याप्रमाणे निदान केलं, की अक्काची कवळी सैल झाली असणार. एका रविवारी सकाळी कानस घेऊन गेले, कवळी घासली, सशाची शेपटी म्हणवून घेतली. श झकास. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. अक्काने निमूटपणे तोंड उघडलं. एरवी तिने त्यांची हजामत केली असती. ती काहीच बोलली नाही हेही त्यांना आपल्या कारागिरीचं कौतुकच वाटलं. माणूस एकदा स्वतःवर खूश झाला की त्याला सगळीकडून टाळ्याच ऐकू येतात.

मग ती संध्याकाळ आली. हजेरी रोजच्यासारखी चालली होती. कवळीवाले खोलीत साचे पुसत ऐकत होते. गेटमनची पाळी आली. त्याचा श्वास आधी ऐकू आला, इतका अँटेना चांगला.

"अक्का," तो म्हणाला, "मी आजोबा झालो. मुलगी झाली. दुपारी झाली."

कवळीवाल्यांच्या हातातलं फडकं थांबलं. आता अक्का त्याला काय काय विचारेल याची ते वाट बघत राहिले.

"पाणी शांत, तुम्ही बरे," अक्का म्हणाली. "घेतलं. आजची हजेरी संपली."

रिपीटर टुक करून गप्प झाला.  जरा वेळाने गेटमनचा आवाज आला, "हो अक्का," एवढाच, आणि तो गेला.

थोड्या वेळाने बेकरीवाल्याचा फोन. त्याने आधी भट्टीचं काहीबाही सांगितलं आणि मग चाचरत विचारलं की अक्कांचं वय झालंय, विसरायला वगैरे लागल्यात का. कवळीवाले त्याच्यावर खेकसले आणि फोन ठेवून दिला. पण तो प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून जाईना. अक्काच्या डोक्याचं काही होऊ शकतं हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. अक्का म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचे फोन नंबर तोंडपाठ असलेली बाई. त्यांचा स्वतःचा वाढदिवससुद्धा तीच लक्षात ठेवायची.

सकाळी दुकान बंद ठेवून ते तिच्याकडे गेले. अक्का खिडकीजवळ बसली होती, सेट मांडीवर. त्यांनी सरळ विचारलं, "अक्का, काल गेटमन काय म्हणाला?"

"पाणी शांत."

"आणि?"

अक्काने खिडकीबाहेर बघितलं.  हातातल्या सेटची दोरी तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माझे कान गेले रे, धाकट्या," ती म्हणाली. "कुणाचंच काही ऐकू येत नाही यातून. नुसती खरखर. तुम्हाला सगळं स्वच्छ येतं, म्हणजे दोष माझ्याच कानांचा. आमच्या एक्स्चेंजमध्ये एकीचं असंच सुरू झालं होतं. आधी वायरीतले आवाज गेले, मग माणसांचे."

"मग हजेरी कशी घेतेस?"

"इतक्या वर्षांची सवय. कोण किती वेळ बोलतो, काय बोलतो, पाठ आहे मला. बेकरीवाला लांबण लावतो, सर दोन वाक्यांत आटपतात. तेवढं थांबायचं आणि घेतलं म्हणायचं." तिचा आवाज बारीक झाला. "हे पण गेलं तर मी दिवसभर करू काय?"

कवळीवाल्यांना भडभडून आलं. रडू दिसू नये म्हणून चहा टाकतो म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. दूध गॅसवर ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले. दूध भराभर वर येऊ लागलं तशी त्यांच्या तोंडून अगदी पुटपुटल्यासारखं निघालं, "गेलं, उतू गेलं."

"मग गॅस बारीक कर ना," बाहेरून अक्का म्हणाली. "उभा काय राहिलायस?"

त्यांनी गॅस बारीक केला. मग भांड्याकडे बघत ते जागच्या जागी थिजले. ज्या बाईला दाराआडचं पुटपुटणं कळतं तिचे कान कसले गेले?

बाहेर येऊन त्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला. सेट घे आणि मी थांब म्हणेपर्यंत बोलत राहा, काय वाटेल ते बोल. आपला सेट खिशातून काढून अक्काच्या पलंगापाशी धरला. खरखर. अक्काचा सेट धरला. खरखर. ते जिना उतरून गल्लीत आले. खरखर. टेकडीला पाठ करून गल्ली ओलांडून चालत राहिले, आणि पाण्याच्या टाकीपलीकडे पोचल्यावर बेकरीवाला लख्ख उमटला. तो बिचारा इमानाने आपल्या भट्टीचं तापमान सांगत होता. चार पावलं मागे आले, बेकरीवाला बुडाला. पुढे गेले, वर आला.

फळीवरचा तो मैदा त्यांना आठवला. कडेपर्यंत पसरलेला, आणि मधे इतका पातळ की खालचं लाकूड दिसत होतं. साऱ्यांसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने दाबून दाखवला होता. टेकडीवरच्या डब्याला अक्काचं बोलणं कसंबसं पोचत होतं, कारण वर विजेच्या यंत्रांची खरखर नव्हती. पण वरून खाली येणारं थोडंथोडकं, गल्लीतल्या चार्जरांच्या आणि पंपांच्या विजेच्या खरखरीत मरून जात होतं. आणि अक्काची ती खर कवळीची नव्हती. माणसाला ऐकू येत नसलं की तो ओरडतो, हे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांत आयुष्य गेलेल्या कवळीवाल्याला नाही तर कुणाला कळायचं? पण यांनी कानस काढली होती.

ते धापा टाकत जिना चढले.

"अक्का, तुझे कान ठणठणीत आहेत. माझा अँटेना तुझ्या डोक्यावरून जातोय."

अक्काला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने त्यांना जे धारेवर धरलं ते काही विचारू नका. रोज रात्री मी कान जाणार म्हणून रडले त्याचं काय, आणि दोनदा माझ्या धड कवळीला कानस लावलीस त्याचं काय. कवळीवाले मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांना त्या प्रत्येक शिवीचा आनंद होत होता. शेवटी अक्का दमली. मलाही विचारलं होतंस आणि मीही हो म्हटलं, म्हणजे दोघेही सारखेच दिवटे, असं म्हणून तिने चहा मागितला. मग तिने विचारलं की काल गेटमन काय म्हणाला. कवळीवाल्यांनी सांगायला साफ नकार दिला. ते त्याचं आहे, तोच सांगेल.

दुपारी ते सरांकडे गेले आणि तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं, असं एका दमात म्हणून मोकळे झाले. सरांनी फक्त कितीचा पाना लागेल ते विचारलं. पांढरा दांडा खाली उतरवायचा प्रश्नच नव्हता, नाहीतर गेटमन पुन्हा खरखरीत बुडाला असता. पण जुन्या खांबावरच्या धड उरलेल्या चौकटींचं काय झालं? त्या गुरांच्या डॉक्टरांनी नेल्या होत्या आणि त्यांवर भोपळ्याचा वेल सोडला होता. वेलाला फुलं लागली होती. डॉक्टरांनी गयावया केली, निदान एक तरी चौकट वेलाला ठेवा म्हणाले, आणि ती विनंती मान्य झाली. दुसरी चौकट वेलातून सोडवून, जोडातलं पाणी पुसून, अक्काच्या गॅलरीच्या कठड्याला, टेकडीकडे तोंड करून बसवली. इतकी वर्षं जी टेकडीवरून अक्काशी बोलायची ती आता अक्काच्या दारात उभी राहिली. तिची वायर खिडकीतून पलंगापर्यंत आली.

दिवे लागले. अक्काने केस नीट केले, जणू कुणी बघणार होतं. भाऊ शेजारी खुर्चीत. तिने बटण दाबलं आणि सरकारी अक्षरं सांगितली.

"हजेरीच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. "नवा अँटेना लागल्यापासून मला तुमचा कुणाचाही शब्द ऐकू आलेला नाही. मी न ऐकताच घेतलं, घेतलं म्हणत होते. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. ती सगळी हजेरी रद्द. आज पहिले गेटमन. तुमचं काय राहिलंय ते मला नीट सांगा."

सेट टुक करून मोकळा झाला. मग गेटमनचा आवाज खोलीभर झाला, जवळचा, स्वच्छ.

"पाणी शांत, अक्का," तो म्हणाला, आणि अडखळला. "आणि मी आजोबा झालो. मुलगी झाली."

अक्काचा अंगठा बटणावर होता, पण तिने ते दाबलं नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.  मग तिने बटण दाबलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. माय-लेकी बऱ्या आहेत ना, जावळ आहे का, कुणावर गेलीये, रडते की शहाण्यासारखी झोपते. गेटमन जितकं बोलला तितकं तो धरणावर गेल्यापासून बोलला नसेल.

मग बेकरीवाले, सर, डॉक्टर. डॉक्टरांना भोपळ्याबद्दल दिलगिरी. आणि मग, "कवळीवाले."

त्यांनी खिशातला सेट काढून बटण दाबलं तर त्यांचाच आवाज शेजारच्या अक्काच्या सेटमधून फिरून परत आला आणि कर्कश किंकाळी निघाली. अक्काने हातानेच खूण केली, गल्लीत जा. साठी उलटलेले कवळीवाले जिना उतरून गल्लीत गेले आणि खिडकीकडे बघत उभे राहिले.

"हजर आहे, अक्का. सगळं शांत. आवाज कसा येतोय?"

हातातल्या सेटमध्ये नुसती खरखर होती. उत्तर वरच्या खिडकीतून आलं.

"शिट्टी वाजतेय रे, घासून घे."

"घासतो," कवळीवाले म्हणाले, आणि अक्का घेतलं म्हणेपर्यंत तिथेच उभे राहिले.